घाडी आडनावाची बाई

बाबा,

तुमचं आडनाव मी अजून लावते. लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्हाला जाऊनही बरीच झाली, तरी आमच्या दारावरच्या पाटीवर नवऱ्याच्या नावाखाली माझं नाव आहे आणि त्याच्यापुढे घाडी. तुम्हाला हे आवडलं नसतं हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून पहिल्यांदा तेच सांगून टाकलं. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. गेल्या रविवारी चाळीत मी जे केलं ते तुम्हाला माझ्याच तोंडून कळलेलं बरं. नाहीतर आपल्या मजल्यावरचं कुणीतरी माझ्या आधी वर येईल, ते मीठमसाला लावून सांगेल.

सुरुवात तुमच्या नातीपासून झाली. इंटरनेटवर एक जागा आहे, तिथे आडनाव टाकलं की ते कुठलं, त्याचा अर्थ काय, त्या आडनावाची माणसं कुठे कुठे राहतात, हे सगळं नकाशासकट येतं. तिने आधी तिच्या वडिलांचं आडनाव टाकलं, ते तीही लावते. मग माझं टाकलं आणि हसत स्वयंपाकघरात आली. मी सोलकढीचा नारळ वाटत होते. "आई, तुझं तर एकदम भारी आहे. अर्थ काय लिहिलाय बघ. मांत्रिक, भुतं उतरवणारा." मी मिक्सर बंद केला. बाबा, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. त्या पोरीला मी तिथेच ओट्यापाशी उभं करून अर्धा तास ऐकवलं.

गावात देवापुढे सगळ्यांच्या वतीने बोलायचं काम ज्याच्या घराण्याकडे, तो घाडी. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची गाय परतली नाही, कुणी मुंबईला निघालं, की देवासमोर नारळ ठेवायचा आणि घाड्याने गाऱ्हाणं घालायचं. त्याने एकेक मागणं मोठ्याने म्हणायचं आणि जमलेल्या माणसांनी प्रत्येक मागण्यावर 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तेवढं म्हटल्याशिवाय ते मागणं सगळ्यांचं होत नाही. आता कुणाला बाधा झाली, कुणी रात्री दचकून उठायला लागलं, तर लोक त्याच घाड्याकडे येत, हे मी नाकारत नाही. आजोबांनी अंगारा लावलेला मी स्वतः बघितला आहे. पण पोस्टमनने एकदा कुणाला दवाखान्यात पोचवलं म्हणून त्याला कुणी डॉक्टर म्हणत नाही. नेमकं हेच लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "ओके, ओके, चिल." ह्या शब्दाचा अर्थ तुम्हाला नाही कळला तरी चालेल.

नकाशा मात्र मी नंतर एकटीने बराच वेळ बघितला. मालवण, कणकवली, देवगडच्या बाजूला दाट रंग, खाली गोव्यात थोडा, मग वर येताना सगळा मुलूख फिका आणि एकदम मुंबई. जणू आम्ही मधला रस्ता न चालताच इथे येऊन पडलो. त्या मुंबईच्या दाट ठिपक्याच्या पोटात काय आहे ते मला विचारा. तुमचे काका आधी आले, मग त्यांच्या खोलीत तुम्ही, मग तुमच्या खोलीत तुमचा भाऊ. दिवसपाळीवाला उठला की त्याच वळकटीवर रातपाळीवाला आडवा व्हायचा. एका गावाची माणसं एका खोलीत, शेजारच्या गावाची शेजारच्या खोलीत. अशी परळ-लालबागला आमच्या आडनावाची वस्ती झाली, आणि गिरणी बंद पडल्यावर तुम्ही शिवडीच्या गोदामावर राखणदारी करायला लागलात तरी ती हलली नाही. नकाशा काढणाऱ्याने हे कुणाला तरी विचारायला हवं होतं.

चाळीत तुमचा मान होता. गिरणीत तुम्ही साच्यावर उभे राहणाऱ्या कित्येकांपैकी एक, पण चाळीत काहीही असलं की पहिला निरोप तुम्हाला. कुणाचा मुलगा आखाती देशात निघाला, कुणाचं ऑपरेशन, क्रिकेटच्या स्पर्धेतला अंतिम सामना, तुम्ही सगळ्यासाठी गाऱ्हाणं घालायचात. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, हात जोडलेले. पुरुष समोरच्या पटांगणात आणि बायका गॅलरीत, कठड्याला टेकून. मी तुमच्या अगदी मागे उभी राहायचे, तुमच्या सदऱ्याला निळीचा वास यायचा. ऐकून ऐकून मला सगळं पाठ झालं होतं, कुठे तुम्ही श्वास घेता ते सुद्धा. एकदा होळीला तुम्ही मध्येच खोकलात, अडलात, आणि पुढची ओळ मी म्हणून टाकली. चांगली मोठ्याने. लोकांनी सवयीने 'व्हय म्हाराजा' म्हटलंही. तुम्ही वळलात. "गप रव. बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता." मारलं नाहीत, आवाजही चढवला नाहीत. पण सगळ्या चाळीसमोर म्हणालात आणि परत पहिल्यापासून सुरू केलंत, मी म्हटलेलं धुऊन काढल्यासारखं.

त्या वर्षीच तुम्ही माझ्या चुलतभावाला शिकवायला घेतलंत. तो शनिवारी यायचा, त्याला आई भजी तळून द्यायची, आणि तो भज्यांकडे बघत एकेक ओळ म्हणायचा. मी त्याच खोलीत, पडद्याच्या अलीकडे गृहपाठ करत असायचे. तो चुकला की माझ्या ओठांवर बरोबर ओळ यायची आणि मी ती गिळायचे. तुम्हाला मुलगा नाही म्हणून हळहळायला कुणी आलं की तुम्ही म्हणायचात, "माझ्या मागसून ह्या सगळा संपला." मी तिथेच असायचे, बाबा. कधी चहा देत असायचे.

माझ्या लग्नाच्या पत्रिकेत तुम्ही घाडीच्या जागी घाडीगावकर छापायला सांगितलंत. सासर दादरचं, शिकलेलं, त्यांना नुसतं घाडी कसंतरी वाटेल म्हणून. मला तुमचा तेव्हा जितका राग आला तितका होळीलाही आला नव्हता. ज्या नावाला चाळ हात जोडायची ते तुम्हाला दादरच्या लोकांपुढे अपुरं वाटलं. मी छापखान्यात जाऊन ते परत घाडी करून आले, हे तुम्हाला पत्रिका हातात पडल्यावर कळलं. मांडवात, हिंदमाताला घेतलेल्या त्या मोरपंखी शालूत मी बसलेली असताना, तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "सुटलंस गो बाय. आता तुका कोण काय इचारूचो नाय." तुम्ही मायेनेच म्हणालात, ते मला तेव्हाही कळलं होतं. सुटायचं कुणाला होतं? सासूबाईंनी दुसऱ्याच आठवड्यात विचारलं, "घाडी म्हणजे ते भुतंबितं उतरवणारे ना?" मी म्हटलं, "हो, पण घरातली नाही उतरवत." त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. पुढे त्यांचं आणि माझं छान जमलं, ती गोष्ट वेगळी.

आडनाव ठेवलं त्याचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. मी परळला ज्या हॉस्पिटलात सिस्टर आहे तिथे छातीवर नावाची पट्टी लावावी लागते. एकदा सावंतवाडीकडची एक म्हातारी नवऱ्याला घेऊन आली होती. तिने माझी पट्टी नातवाकडून वाचून घेतली आणि माझा हात धरला. "तू घाड्यांची ना? मग माझ्या घोवासाठी देवाक सांग गो." मी पुरुष आहे की बाई हा प्रश्न तिला पडलाच नाही. औषधांच्या कपाटामागे उभी राहून मी हळू आवाजात गाऱ्हाणं घातलं आणि ती माझ्याकडे बघत 'व्हय म्हाराजा' म्हणत राहिली. तिचा नवरा वाचला की नाही ते सांगत नाही, कारण वाचला म्हटलं तर लेकीने वाचून दाखवलेला तो मांत्रिकच खरा ठरेल. ती जाताना माझ्या पाया पडली, एवढं सांगते.

आता रविवारचं. चाळ पाडणार आहेत. टॉवर होणार, तोवर सगळ्यांची सोय वडाळ्याला. आईला मी माझ्याकडे घेऊन आले आहे, पण शेवटचा नारळ ठेवायचा म्हणून सगळे पटांगणात जमले, पार डोंबिवली-विरारला गेलेले सुद्धा. चुलतभाऊ आला, टोपी घालून. मला वाटलं, चला, शनिवारची भजी कामी आली. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि छोटा स्पीकर जोडला. "पाठ राहिलं नाही गं ताई. पण यूट्यूबवर एकाने मस्त घातलंय, डिट्टो आपल्या काकांसारखं. टेन्शन नॉट." सगळ्यांनी हात जोडले. कोण कुठला माणूस त्या डबीतून कुठल्या तरी दुसऱ्याच गावाच्या देवाला हाका मारायला लागला, लोक बिचारे 'व्हय म्हाराजा' म्हणायला लागले, आणि मध्येच जाहिरात आली. गृहकर्जाची. सवयीने दोघातिघांनी तिलाही 'व्हय म्हाराजा' म्हटलं.

पोरं हसली. म्हातारी माणसं नाही हसली. मी गॅलरीतून खाली उतरले, नारळासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "तो बंद कर." चाळीचे सेक्रेटरी पुढे आले, चांगला माणूस आहे, घाबरत घाबरत म्हणाले, "ताई, म्हणजे आपल्यात बाईमाणसाने... चालतं का?" मी म्हटलं, "इथे आणखी कुणी घाडी असेल आणि त्याला येत असेल तर त्याने पुढे यावं. मी परत वर जाते." चुलतभाऊ स्पीकरची वायर गुंडाळत बसला. मग मी सुरू केलं. तुम्ही नेहमी गावच्या देवापासून सुरुवात करायचात. मी नाही केली. ज्या जमिनीवर आपण जन्म काढला तिला तुम्ही एकदाही हाक मारली नव्हती, हे मला तेव्हाही खटकायचं.

"ह्या जाग्याचो जो कोण राखणदार आसात, जेच्या जमिनीर आमी इतकी वर्सां निर्धास्त निजलो, तेका आज पयलो मान, म्हाराजा."

एवढी माणसं, आणि एकाचाही 'व्हय म्हाराजा' नाही. समोर दोनचार मोबाइल माझ्यावर रोखलेले. मला ती होळी आठवली आणि माझे कान तापले. मागून प्लास्टिकची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आई उभी राहिली होती. तुमच्या हयातीत जिने गॅलरीतून पदर तोंडाशी धरून ओठ हलवले, ती पटांगणात, पुरुषांच्या मध्ये उभी राहून म्हणाली, "व्हय म्हाराजा." असा आवाज मी तिचा घरात कधी ऐकला नव्हता. बाबा, ती ह्या आडनावाच्या घरात जन्माला आली नव्हती, पण ते माझ्यापेक्षा जास्त वर्षं तिने वापरलं आहे.

मग सगळे म्हणाले. मी गावचा देव घेतला, बारा-पाचाचा म्हणजे गावच्या सगळ्या देवदैवतांचा मान घेतला, काही सोडलं नाही. वडाळ्याला जाणाऱ्या लेकरांची वाटेत राखण कर म्हटलं, बिल्डराला सुबुद्धी दे म्हटलं, त्याला तर सगळ्यात मोठा होकार पडला. सगळ्यांना परत हयसरच, ह्याच जाग्यार, एका छपराखाली घेवन ये म्हटलं. तुमची नात मोबाइल खाली करून म्हणत होती, दादरच्या उच्चारात, पण म्हणत होती. शेवटी आई मला म्हणाली, "तुझ्या बापाशीचो आवाज मोठो व्हतो. तुझो साफ आसा." त्यामुळे तुम्ही म्हणालात तसं तुमच्या मागून काही संपलेलं नाही, आणि मला त्यासाठी कुणाची माफीही मागायची नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? चाळीचा पत्ता पुढच्या महिन्यापासून राहणार नाही, आणि तुमचा मला माहीत नाही. एकच सांगायचं राहिलं. शेवटचं मागणं म्हणून झालं, सगळ्यांचा होकार पडला, तरी मी हात जोडून तशीच उभी राहिले. चुलतभाऊ हळूच म्हणाला, "ताई, विसरलीस काय? झालं ना?" मी विसरले नव्हते. तुम्ही जन्मभर सगळ्यांसाठी मागत राहिलात, त्यामुळे 'व्हय म्हाराजा' म्हणायची पाळी तुमच्यावर कधी आलीच नाही. मी तुमच्याकडून ते ऐकायला थांबले होते.