एक गाठ म्हणजे लाल

प्रिय आबा,

काल अक्षय्य तृतीया, आपली आखाजी झाली. तुम्ही गेल्यानंतरची, तुमच्या नावाची पहिली घागर भरली आणि आज मी धुळ्याला परत आले. एरंडोल येईपर्यंत बसमध्ये नुसती रडत होते. पारोळ्यापासून तुमच्याशी भांडायला लागले. घरी येऊन हातपाय धुतले तरी भांडण संपेना, म्हटलं, एवढं चांगलं भांडण वाया कशाला घालवायचं? म्हणून लिहायला बसले आहे.

भांडण कवितावरूनच. दुसरं कशावरून असणार?

आबा, मी तुमच्या या सुनेवर जळते. माहीत होतं का तुम्हाला? नसणारच. सर्किटमध्ये कुठे काय जळलं ते तुम्ही दारातूनच वासावरून ओळखायचे. पण सख्खी लेक धुळ्यात बसून वर्षानुवर्षं जळत होती, त्याचा वास काही तुम्हाला आला नाही!

मेहरूणच्या घरातलं तुमचं टेबल मला अजून दिसतं. शाळेच्या प्रयोगशाळेतली नोकरी करून तुम्ही संध्याकाळी घरी यायचे आणि गल्लीतले रेडिओ, टीव्ही उघडून बसायचे. मी शेजारी बॅटरी धरून उभी. हात दुखून यायचा, पण मी हलायची नाही. तुम्ही रेझिस्टर माझ्या नाकासमोर धरायचे आणि विचारायचे, "उजू, हाऊ पट्टा कोनता शे?" मी सांगायची, तपकिरी, काळा, लाल. किती ऐट होती मला त्याची! पण एकदा नुसती सोल्डरिंगची गन हातात मागितली, तर काय म्हणालात?

"बाजूले व्हय माय, भाजशी."

एकदा नाही, दर वेळी. मी दहावी झाले, बारावी झाले, लग्न होऊन धुळ्याला गेले, पण ती गन माझ्या हातात आली नाही. आणि आपल्या दिनूची बायको चाळीसगावहून या घरात आली, तिच्या मेंदीचा रंग उतरला नसेल, तोवर तुम्ही तिला शिकवायलासुद्धा लागलात! तिला भाजत नव्हतं का हो? तिचे हात काय बिडाचे होते?

रिटायर झाल्यावर तुम्हाला त्या निळ्या बोर्डाचं वेड लागलं. "इतलुसा मायक्रोकंट्रोलर, पन सांगशी ते करस," असं कौतुक सांगत सुटायचे येईल त्याला. मीही कौतुकानं ऐकायची. मग हळूहळू फोनवर नवीनच ऐकू यायला लागलं. मी रविवारी फोन करायची, तर पलीकडून तुमचा घाईतला आवाज, "कविता नि मी प्रोग्राम चढवी राहिनूत, मंग करस फोन." आणि तो 'मंग' काही यायचा नाही. मी पोळ्या करायची, धुणं वाळत घालायची, फोन जवळच ठेवून.

मग तुम्ही घरच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकलात. हातात गन, डोळ्यांवर तुमचा जाड चष्मा, खाली लिहिलेलं, 'मनी इंजिनेर'. 'माझी' म्हणे! आबा, मी तो फोटो मोठा करकरून पाहिला. कुठे बोटाला भाजल्याची खूण दिसते का म्हणून! दिसली नाही. मी खाली अंगठा टाकला आणि फोन उपडा ठेवला.

टाकीची ती शिट्टी तुम्ही दोघांनी मिळून केली, तेव्हा तर गल्लीभर तुमचंच कौतुक. नळाला पाणी एक दिवसाआड, मोटार लावायची आणि टाकी वाहू नये म्हणून कुणीतरी गच्चीवर राखणीला बसायचं, हे जुनं. तुम्ही टाकीच्या झाकणाला आतून तो दोन डोळ्यांचा सेन्सर चिकटवलात, तारा पाइपातून खाली आणल्या, जिन्याखालच्या डब्यात बोर्ड ठेवला. पाणी वर आलं की शिट्टी. मी एकदा आले होते तेव्हा ती वाजली, तर तुम्ही आणि कविता दोघंही एकदम उठलात, एकमेकांकडे बघून हसलात. मी मधल्या खोलीत मेथी निवडत होते.

तर यंदा काय झालं ते ऐका. चैत्र संपायच्या आतच उन्हानं कहर केला. पत्र्याखालच्या खोलीत मेणबत्त्या वाकल्या. आणि तुमचा तो सेन्सर ज्या गोंदानं चिकटवला होता, तो गोंद पघळला. सेन्सर गेला टाकीत. कवितानं नवा आणून लावला. चालेना. तो काढून दुसरा लावला, तोही चालेना. फोनवर मला सांगताना तिचा आवाज रडवेला झाला होता. मी म्हटलं, "अरेरे! आबांच्या हाताचं काम गं ते." तोंडानं अरेरे आणि पोटात साखर! खोटं कशाला बोलू, तेही तुमच्याशी? इंजिनेर अडकली होती आणि मला बरं वाटलं होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी पोचले, तर ही जिन्याखाली लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली. पुरणाची डाळ भिजत घातलेली, मांडे भाजायचं खापर घासून ठेवलेलं, बाकी सगळं जागच्या जागी, फक्त ती जागेवर नाही. दिनू वैतागला होता. "ताई, तूच सांग हिला आता. आखाजी झाली की मी हा डबाच काढून टाकतो. बाजारातला अलार्म आणू, विषय संपला."

कवितानं नुसता डब्यावर हात ठेवला. तो हात पाहून मला पुन्हा राग आला, आबा! डबा माझ्या बापाचा, आणि त्याला वाचवायला ही बसली आहे!

मी तिच्याजवळ जाऊन बसले. विचारलं, "नेमकं होतं काय?"

"काय सांगू ताई? लॅपटॉपची केबल बदलून पाहिली. प्रोग्राम दहादा वाचला. बोर्ड दुसरा लावून पाहिला, तारा होत्या त्याच जागी ठेवून. पण स्क्रीनवर एकच, शून्य. पाणी कुठंय विचारलं की शून्य."

"आणि सेन्सर?"

"तो गरम होतो. पण या दिवसांत आपल्या गच्चीवर काय गरम नसतं? टाकीतलं पाणीसुद्धा चहा टाकण्यासारखं होऊन राहिलं."

"मीटर लावून पाहिलंस?"

"बोर्डाला लावला ना."

"आणि तारांना?"

"तारा आबांनी जोडल्यात, ताई. प्रोग्राम तेवढा माझा आहे. चुकलं असेल तर माझंच चुकलं असणार ना?"

आता याला काय म्हणायचं? सासऱ्याच्या तारांना मीटर लावणं म्हणजे सासऱ्याची परीक्षा घेणं, असं तिला वाटलं! एवढी शिकलेली पोरगी, पण तुमच्या हाताच्या कामावर संशय घ्यायला तिचं मन धजेना. मी तर तुमच्याशी रोज भांडले असते. पण मला शिकवलंत कुठे?

काल सकाळी नळ आला. शिट्टी बंद, म्हणून मी गच्चीवर राखणीला बसले. टाकीचं झाकण उचललं, तर आत त्या चार तारा लोंबत होत्या. लाल, हिरवी, पिवळी, पांढरी. टोकाला कवितानं लावलेला सेन्सर, मेलेला. आणि आबा, हिरव्या तारेला एक गाठ होती. लाल तारेला दोन.

मी त्या गाठी बोटांनी चाचपून पाहिल्या.

आठवतं ना तुम्हाला? तुम्ही तरुणपणी भुसावळला रेल्वेच्या नोकरीसाठी गेला होता. डॉक्टरनं ठिपक्यांचं चित्र दाखवलं, त्यात कुठला आकडा दिसतो ते विचारलं. तुम्हाला आकडा दिसलाच नाही. लाल आणि हिरवा तुम्हाला एकच, मातकट. नोकरी हातची गेली, ते तुम्ही घरी सांगितलं; का गेली, ते कुणालाच सांगितलं नाही. पुढे फक्त मला. बॅटरी धरणाऱ्या मला! "कोनलेच सांगू नको बरं माय. तुनी आईले बी नको." आणि मी नाही सांगितलं. आजपर्यंत नाही.

मग मी शाळेत गेले की तुमचं अडायचं. तुमची रजा असेल त्या दिवशी तुम्ही टेबलाशी बसायचे आणि तारांचे रंग सांगायला मी नाही. म्हणून मीच युक्ती काढली होती, आठवतं? दप्तर खांद्याला लावून, जाता जाता, तुमच्या तारांना गाठी मारायची. एक गाठ म्हणजे लाल. दोन गाठी म्हणजे उलटी, वजाबाकीची. तुम्ही हसला होता, पण तेव्हापासून गाठीच बघायचे.

आणि एवढ्या वर्षांनी, त्या टाकीच्या तोंडाशी, माझ्या गाठी! तुम्ही हाताला लागेल ती तार घेतलीत, तिला एक गाठ मारलीत, ती तुमच्यासाठी लाल झाली. मग जगाला ती हिरवी का दिसेना! बिचारी कविता रंग बघून जोडत होती. लाल ती प्लस, हिरवी ती अर्थिंग, म्हणजे मायनस, कोणीही हेच करेल. दर वेळी उलटा करंट, दर वेळी सेन्सर गरम, आणि दोष उन्हाचा.

आता खरं सांगते. मला कविताची दया आली नाही. मला आनंद झाला. असा आनंद, की मी गच्चीवर एकटीच हसले. तिच्याकडे तुमची गन होती, तुमचा चष्मा होता, तुमच्या म्हातारपणाच्या सगळ्या दुपारी होत्या. पण गाठी माझ्या होत्या!

खाली गेले. कुणाला न विचारता मोटार थांबवली, बोर्ड बंद केला, तिनं आणून ठेवलेला आणि लावायचं धाडस न झालेला नवा सेन्सर उचलला, पुन्हा वर आले. सेन्सरच्या टोकांवर नावं छापलेलीच असतात, तारा नुसत्या खोचायच्या. लाल आणि हिरवीची अदलाबदल केली, पिवळी-पांढरीला कवितानं ठेवलं तसंच ठेवलं. मी, जिला तुम्ही कधी कशाला हात लावू दिला नाही! खाली जाऊन बोर्ड चालू केला, मोटार पुन्हा लावली आणि स्वयंपाकघरात येऊन आंबे पिळत बसले.

आणि वाजली! शिट्टी वाजली, आबा!

खापरावरचा मांडा तसाच टाकून कविता जिन्याखाली धावली. मग माझ्याकडे. हात पुरणाचे, डोळे भरलेले. "ताई, तुम्ही? काय केलंत?"

मी म्हटलं, "आबांची लेक आहे मी."

बोलले खरं, आणि तिचा चेहरा असा उतरला, की माझ्या हातातली कोय निसटली. तिनं पुरणाचे हात पुसले. मग म्हणाली, "माहीतये मला. आबांनी विसरू दिलं असतं तर ना!"

"म्हणजे?"

"सगळं शिकवलं त्यांनी मला. पण रंग कधी सांगू दिले नाहीत. मी म्हणायची, आबा, रेझिस्टरचे पट्टे मी वाचते, पटकन होईल. तर नाही. एकेकाला मीटर लावत बसायचे, आणि म्हणायचे, 'ऱ्हाऊ दे बेटा, रंग सांगानं काम मनी उजूनं शे.' दर वेळी हेच! ताई, मला तुमचा किती राग यायचा, काय सांगू. इतकं केलं तरी एक काम तुमच्याच नावावर."

आबा! हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? एक फोन करून? इतकी वर्षं मी हिच्यावर जळतेय, ही माझ्यावर जळतेय, आणि तुम्ही दोघींच्या मधे बसून आरामात मीटर लावत होता! हसू येतं आणि चीडही.

मी तिला गच्चीवर नेलं. गाठी दाखवल्या. ती म्हणाली, "या होय! मला वाटलं, तार ओढली जाऊ नये म्हणून मारल्यात." मी सांगितलं, एक गाठ ती प्लस, दोन गाठी ती मायनस, आबांच्या तारांचे रंग बघायचे नाहीत. तिनं विचारलं, "पण रंग का नाही बघायचे?" मी म्हटलं, "आबांची पद्धत." बस, एवढंच. तुम्ही नको म्हणाला होता, म्हणून नाही सांगितलं. आणि थोडं माझ्यासाठीही नाही सांगितलं. तेवढं माझ्याजवळ असू द्या. दिनू आता डब्याचं नाव काढत नाही.

मग पाटावर तुमची घागर मांडली. त्याच टाकीतल्या पाण्यानं भरली. वर खरबूज ठेवलं, मांडे आणि आमरस वाढला, दिनूनं निखाऱ्यावर घास ठेवून आगारी टाकली. घागरीच्या गळ्यात लाल नाडा बांधायचा होता. तो कवितानं माझ्या हातात दिला, स्वतः नाही बांधला. मी बांधला. आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याला एक गाठ मारली.

वचन देते तुम्हाला, आबा. कविताला जे माझ्याकडून शिकायचं असेल ते शिकवीन, आणि तिच्याकडून गन धरायला शिकेन, भाजलं तर भाजलं. तुमचं गुपित कुणाला सांगणार नाही. जळायचं बंद करीन, असं मात्र म्हणत नाही, ते जमणार नाही. पण जोवर मी येत राहीन, तोवर दर आखाजीला तुमच्या घागरीला नाडा मीच बांधीन, आणि एकच गाठ मारीन. हात लावून बघा. ती लाल आहे.

तुमची,
उजू