ॲबनर अजून पहिल्या बेसवर

प्रिय ल्यूक,

फोन तू उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा दाखवतोस, म्हणून पत्र. मोठ्या बहिणीचं अक्षर बघून तरी फेकून देणार नाहीस.

ब्लॅकटाउनला थंडी पडलीय. वसईत कधी लागला नाही तो स्वेटर घालून पपा जेवणाच्या टेबलाशी बसतात. टेबलावर तुमचं फासे-कार्डांचं बेसबॉल मांडलेलं, त्यामुळे आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. तो खोका जुन्या वस्तू विकणाऱ्या ऑप शॉपमधून तूच आणलास, शाळेत असताना. अमेरिकेतले दीडशे वर्षांपूर्वीचे खेळाडू, ज्यांचं नावही कुणी ऐकलेलं नाही, आणि प्रत्येकाचं एक कार्ड. फासे टाकायचे, पडलेल्या आकड्यापुढे कार्डावर काय लिहिलंय ते बघायचं. नियमांचं पुस्तक न उघडता पपांनी ते सरळ क्रिकेटसारखं खेळायला घेतलं. तुम्ही दोघं एका टीमचे, फासे आळीपाळीने. त्यांचा लाडका ॲबनर टिली. बिचारा जन्मात जेमतेम चार सामने खेळला, कार्डावर जिथे तिथे 'वॉक'. पपांच्या हिशेबाने वॉक म्हणजे चालत काढलेली एक धाव, त्यामुळे ॲबनर शतकांवर शतकं ठोकायचा. पपा त्याला आपल्या गावचाच मानायचे.

पर्थच्या नोकरीवरून तुमचं वाजलं तेव्हा जाता जाता तू म्हणालास, की हा अख्खा खेळच तुम्ही चुकीचा खेळताय. तुझ्या जाण्यापेक्षा त्यांना तेच जास्त लागलं. तेव्हापासून तू बोलत नाहीस आणि ते तुझं नाव काढत नाहीत. दोघं एकाच माळेचे मणी.

आता खोका माळ्यावर जाणार असं मला वाटलं होतं. पण मागच्या महिन्यात बघते तर माझी लेक पॉलीन त्यांना नियमांचं पुस्तक वाचून दाखवतेय. ती इंग्रजीत वाचते, ते मराठीत वाद घालतात. वॉकला धाव मिळत नाही, नुसतं पहिल्या बेसवर जाऊन उभं राहायचं, हे कळल्यावर पपांनी धावांची वही काढली. मग ॲबनरची सगळी शतकं त्यांनी स्वतःच्या हाताने खोडली. मला फार वाईट वाटलं रे. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुझ्या नियमांनी नवा सामना मांडला. ॲबनरला वॉक मिळाला. पुढची पाळी तुझी होती. पॉलीनने फासे उचलले, तर ते त्यांनी तिच्या हातून काढून घेतले. ल्यूकची पाळी ल्यूकच खेळेल म्हणाले. सामना तिथेच थांबलाय.

येत्या बावीस तारखेला त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. तुला कळवायचं नाही अशी मला तंबी आहे, कामावरच्या माणसाला उगाच घोर नको म्हणे. मी कळवतेय. काल टेबल पुसताना माझ्या हातून ॲबनरचं कार्ड जरा सरकलं, तर आधी ओरडले. मग हळूच म्हणाले, तो आपला आपण पुढे जाऊ शकत नाही गं, मागून येणाऱ्याने चेंडू मारावा लागतो. बावीसच्या आत ये. फासे तुझ्या खुर्चीसमोर ठेवलेत.

वाट बघणारी, तुझीच
जॅनेट