डाव्या बाजूचे टाके

१८ जानेवारी १९८४
साबण लावताना डावीकडे हाताला लागलं. वाटाण्याएवढं. दुखत नाही. लग्नसराईचे एकोणीस ब्लाउज शिवायचे पडलेत. यांना आज सांगत नाही.

२४ जाने.
सांगितलं. हे ताट सोडून उठले, चपला घातल्या. "चल."
"अहो, जेवून तरी..."
"चल म्हणतो ना."
मरोळच्या आमच्या डॉक्टरांनी दाबून पाहिलं आणि लगेच मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहिली. एरवी किती गप्पा मारतात. आज नाही.

२७ जाने.
सर्जन बाई आहेत. लहानखुऱ्या. त्या तपासत होत्या आणि मी त्यांच्या ब्लाउजकडे बघत होते. काखेत मुंढा काचत होता. धंद्याची खोड, दुसरं काय.
म्हणाल्या, "भूल देऊन गाठ काढू. तुम्ही टेबलावर असतानाच तपासून घेऊ. साधी निघाली तर टाके घालून बंद. तशी निघाली तर त्याच वेळी सगळं काढायचं. जाग येईल तेव्हा तुम्हाला कळेल."
'तशी' म्हणजे कॅन्सर. तो शब्द कोणी उच्चारला नाही. मंजूला नुसतं 'गाठ' सांगितलंय. मार्चमध्ये दहावी आहे तिची.

१ फेब्रु.
अ‍ॅडमिट. फॉर्मवर यांची सही घेतली. म्हटलं, अंग माझं, मीपण करते. "लागत नाही," क्लार्क म्हणाला. तरी केली, पूर्ण नाव घालून.

३ फेब्रु.
काल झालं.
दहापासून उलटे आकडे म्हणायला लावले. सात म्हटलेलं आठवतं. सहा नाही. एकदम दुपार. मधला वेळ कुठे गेला? झोपेत निदान कूस वळल्याचं तरी कळतं. मला उसवलं, परत शिवलं आणि मला पत्ताच नाही!
उजवा हात नेला. जाड पट्टी, खाली सपाट. म्हणजे 'तशी'.
घसा कोरडा पडला होता. त्याचंच नवल वाटलं. एवढं होऊन अंग पाणीच मागत होतं. हे चमच्याने पाजत होते, अर्धं मानेवर.

५ फेब्रु.
काखेतून रबरी नळी, खाली बाटली. परवा लालभडक, काल गुलाबी, आज तिळाच्या तेलासारखं पिवळसर. नर्स म्हणते, आतून भरून येतंय. मी नुसती पडलेय. कोण करतंय हे? सांगितलं कोणी त्याला?

७ फेब्रु.
भेटीच्या वेळेला फिलूबाय आली. आमच्या मागच्या गावठाणातली, मासळी विकते. वर्षानुवर्षं माझ्याकडे शिवते, पण अंगाला टेप लावू देत नाही. जुना ब्लाउज टाकून जाते, "याच्यावरनं शिव." मला वाटायचं, कसला हा तोरा.
पडदा ओढला तिने. पदर बाजूला केला, माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. उजवीकडे कापडाची घडी.
"सा वरसं झाली मना. बघ, हाय ना उभी? पाटी उचलते डोक्यावर."
"फिलूबाय, कोणाला बोलली नाहीस?"
"कोनाला बोलू गो? तुला बोलते ना आता."
सहा वर्षं. तेही दर नाताळाला माझ्या दारात, माझ्यासमोर! आणि मी, जिला पाऊण इंच फरक नजरेने कळतो... ती गेल्यावर पहिल्यांदा रडले. माझ्यासाठी की तिच्यासाठी, ठाऊक नाही.

९ फेब्रु.
ड्रेसिंग. सिस्टर म्हणाली तिकडे बघा. म्हटलं, नाही, मला बघायचंय.
बघितलं. काखेपासून मधल्या हाडापर्यंत तिरकी रेघ. भीती वाटायची ती वाटलीच. पण टाके! कुठे ओढ नाही, चुणी नाही. जिवंत कातडी ती, कापडासारखी टेबलावर पसरून ठेवता येत नाही. डॉक्टरबाईंना म्हटलं, "हात छान आहे तुमचा."
त्या थांबल्याच. मग हसल्या. "असं कोणी म्हणत नाही हो मला."
"तुमच्या ब्लाउजचा मुंढा मात्र चुकलाय. बरी झाले की द्या माझ्याकडे."

१४ फेब्रु.
काल घरी. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम. मुंगीसारखी. मंजूने पेन्सिलीने खूण केली, खांद्याच्याही खाली. "आई, उद्या हिच्यावर एक इंच."
तिला आता सगळं सांगितलंय. म्हणाली, मला आधीच माहीत होतं, बाबा मोरीत नळ सोडून रडत होते.
हे? रडत होते?

२२ फेब्रु.
रिपोर्ट. काखेतल्या दोन गाठींत सापडलं. विचारलं, म्हणजे? "म्हणजे किरणांचे शेक द्यायचे. मग बघू." डॉक्टरबाई खोटं बोलत नाहीत, हे एक बरं. आणि त्रासाचंही तेच.
खूण हनुवटीपर्यंत. मशीन उघडलं, नुसतं तेल घातलं.

४ मार्च, रविवार
उद्यापासून शेक. पाच आठवडे. मंजू वर्गातल्या मुलीकडे अभ्यासाला गेली.
हे महिनाभर तोंड फिरवून मला ब्लाउज देतात. आज हुक लागेना. म्हणाले, "मी लावू?" आणि मग लावलाच नाही. बघत उभे राहिले. तळहात ठेवला त्यांनी, हलकेच, कारखान्यातल्या भट्टीवर कडक झालेला तो हात. आणि दचकून काढला.
"दुखलं?"
"नाही हो. काय झालं?"
"आत... केवढं जोरात चाललंय गं!"
मी हात लावला. खरंच. मध्ये काही उरलेलंच नाही, कातडीच्या लगेच खाली काळीज. धाड धाड. आरशात दिसतंसुद्धा, बरगड्यांच्या मध्ये कातडी उडते. बेचाळीस वर्षं हे असंच चालू होतं?
त्यांनी परत हात ठेवला. स्टोव्हवर चहा उतू जात होता. दोघांनाही ऐकू येत होता. कोणी हललं नाही.