बशीतल्या धडधडीची व्यवस्था

मी, विजयमाला संपतराव शिर्के, वय ७९, शिक्षण चौथी, राहणार दांडिया बाजार, बडोदे, लिहून ठेवते की माझे डोके शाबूत आहे, जीभ त्याहून शाबूत आहे, आणि हे कोणी सांगितले म्हणून मी लिहीत नाही. मला सांगायची कोणाची छाती आहे?

१. राहते घर मुलगा धैर्यशील यास. पुरणयंत्र सून राजेश्वरीस. वीस वर्षे डोळा आहे तिचा. शिलाई मशीन नात संयोगितास, तेल घालायच्या अटीवर.

२. माझ्या दंडाच्या कातडीचा डाळीएवढा तुकडा प्रयोगशाळेत आहे. मीच दिला. अकरा पानी इंग्रजी फॉर्मवर सही केली, कारण चष्मा घरी होता आणि चहा समोर. पुढे त्यांनी लोकांसाठी सभा ठेवली. "काही प्रश्न?" म्हणाले. मी उठून फॉर्म भरून घेणाऱ्या प्रयोगशाळेतल्या पोरीला विचारले, "श्रद्धाबेन, मी सही कशावर केली?" ती शहाणी पोर दोन दुपारी माझ्या स्वयंपाकघरात बसली, पान न् पान समजावले. मग मी पुन्हा सही केली, दोन ओळी खोडून.

३. त्या तुकड्यापासून त्यांनी मूळ पेशी केल्या, त्यांच्यापासून काळजाच्या. मला यंत्रातून दाखवल्या. बशीत आपोआप धडधडत होत्या! कै. संपतराव जन्मभर म्हणाले, "तुला काळीजच नाही." नोंद घ्यावी: आता जादा आहे.

४. धैर्यशील म्हणतो, "आई, तू गेल्यावर ते परत आणून चांदोदला नर्मदेत सोडू. नाहीतर दहाव्याला कावळा शिवायचा नाही, थोडी तू इथेच!" कावळ्याला प्रयोगशाळेचा पत्ता द्यावा. पेशी परत मागू नयेत. माझ्यामागे हो-नाही सांगायचा हक्क फॉर्मप्रमाणे एकालाच, तो संयोगितास.

५. औषध शोधावे, खुशाल. कंपनीला विकू नये. त्यातून मूल करू नये. चार बाळंतपणे पुरे झाली. दरवर्षी मराठी-गुजरातीत सभा घेऊन काय केले ते सांगावे, फसले असेल तर तेही. सभा चुकली तर संयोगिताने बशी बंद करायला लावावी. पोरी, तेव्हा "आजी आहे ती" म्हणून कचरायचे नाही. ती आजी नव्हे, कातडी आहे.

६. तरीपण माझ्या नावाला 'कै.' चिकटवण्याआधी प्रयोगशाळेत एक फोन करून खात्री करावी.

सही: विजयमाला शिर्के (चष्मा लावून)

साक्षीदार:
विमल विश्राम बर्वे, शेजारीण. सगळे वाचले, दोनदा हसली.
डॉ. पीयूष देसाई. माझा रक्तदाब तपासला, त्याचा वाढला.

बडोदे, १२ फेब्रुवारी २०२५