मधली खुर्ची

१४ डिसेंबर २००२, संध्याकाळ

पाच स्पीकरांच्या मधोमध ठेवलेली खुर्ची अनिकेतने वृंदाला दिली, त्या क्षणी सगळं बदललं. अमेरिकेहून तिला पाहायला आलाय, आणि लग्न ठरायच्या आधीच या स्पीकरांची भेट! वृंदाच्या माधव नगरच्या घरी, हॉलमध्ये ते जोडले कोणी? मीच. टॉवर चौकातल्या टीव्हीच्या दुकानात काम करतो ना.

काका, म्हणजे तिचे बाबा, माझ्याकडे बोट दाखवत पाहुण्यांना सांगत होते, "कॉलेज अर्धवट सोडलं याने, पण काय सांगू भिया, वायर झकास जोडतो!" सगळे हसले. वृंदा नाही हसली. की हसली?

मग ते संगीत. आधुनिक म्हणे. ना गाणारा, ना तबला, नुसतं मशीन. डब्यात खिळे हलवावेत तसं, मधेच पत्रा खरवडल्यासारखं. काकू पोह्यांच्या बश्या घेऊन थबकल्या, "मिक्सी चालू राहिली का गं?"

"शूः! साधी सीडी नाहीये ही, काकू. एकेक कण ऐका," अनिकेत डोळे मिटून म्हणाला. गाढव.

मी मागच्या स्पीकरपाशी उभा. मागून किंचाळी आली की वृंदा खुर्चीत दचकून वळायची, आणि तिथे मी दिसायचो. तीनदा वळली. तीनदा नजरेला नजर. ती पुन्हा वळावी म्हणून मूर्खासारखा मीच मागचा आवाज वाढवला.

चौथ्यांदा ती वळलीच नाही. "सवय होते हो याची," त्याला म्हणाली. त्याच खुर्चीत, आरामात टेकून.

स्क्रू पिळायचा पेचकस खिशात टाकला, कुणालाही न सांगता बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.