घरच्या लाइटवर चालनारा वेल्डर

१९ ऑगस्ट, मंगळवार

पडली! परत मान पडली!

सकाळी आंगन झाडाले गेली त माह्या भंगाराच्या सारसाचं मुंडकं खाली, चोच कोंबडीच्या दान्यात. शालू वहिनी म्हने, "तुहा सारस दाने टिपून राहिला वो ज्योत्सना. पानी बी ठेवू का?"

सायकलची चेन, जुने इळे, दादाच्या गाडीचे स्पोक, सारं बांधनीच्या तारेनं बांधलं आहे. पाय उभे राहतेत. पंख राहतेत. मान राहत नाही. वेल्डिंगच मारली पाह्यजे.

मागं एक बगळा मोहाडीच्या वेल्डिंगच्या दुकानात नेला होता. दुकानवाला साऱ्या गिऱ्हाईकाइले आयकू जाईन असा वरडला, "हे कोंबडी कोनाची आहे बे?" बगळा उचलला आन येष्टीत बसली. कंडक्टर म्हने, याचं अर्धं तिकीट.

आता ठरलं. सोताचीच मशीन घ्याची. धानाच्या रोवन्याचे पैसे आहेत माह्याजवळ. चिखलात वाकून वाकून कमावले, कोनी देल्ले नाही. आई म्हनते कानातले घे. कानातल्यानं सारसाची मान उभी राहते का?

२० ऑगस्ट

मोबाइलवर मशीनी पाहून पाहून डोकं दुखलं. एक जन हिंदीत सांगते — सबसे सस्ता वेल्डर, घर की लाइट पे! त्याचं आयकलं की तोच घ्यावा वाटते. दुसऱ्याचं आयकलं की दुसरा. एक मशीन त जेवनाच्या डब्याएवढी, आन वर लिहिलं चारशे अँपिअर! इतकी स्वस्त काहून? दुसरी जुन्या पद्धतीची, भला मोठा लोखंडी डबा, दोघांनी उचलाचा. ते लावली त आमचं मीटर आन गावची लाइट संगच जाईन.

मधातली कोनती घ्याची? इचारू कोनाले? दुकानात गेली की माहं तोंडच उघडत नाही. नववीत बी असंच. सर नाव पुकारत, माह्याच्यानं हजर म्हनता येत नव्हतं. बाकावर बसून गैरहजेरी लागे! शाळा सुटली, तोंड तसंच राहिलं.

गिरजा आत्याले सांगू का? बाबाची बहीन. भंडाऱ्याले पितळी भांड्याच्या दुकानात बसते, सारा बाजार वळखते. आन तिच्यासमोर मले बोलावंच लागत नाही, तेच बोलते.

२१ ऑगस्ट

केला फोन! डोळे मिटले आन एका दमात बोलली —

"आत्या, मले एक वेल्डर पाह्यजे. लय मोठा नको. घरीच ठेवाचा आहे. एकानं वापरलेला असला तरी चालन, पन गॅरंटी पाह्यजे."

आत्या चूप. आत्या कधीच चूप राहत नाही! मंग हळूच म्हने, "तुह्या आईले माहीत आहे?"

"नाही. तूच सांग ना. मले लाज वाटते."

तिचा आवाज एकदम गोड झाला. "येडी! लाजाचं काय त्यात? बरं झालं सोता सांगतलं. भंडाऱ्यात वेल्डरची काय कमी! पाह्यते मी."

इतकं सोपं होतं! मी उगाच घाबरत होती.

२२ ऑगस्ट, पोळा

आई करंज्या तळून राहिली आन माह्याकडं पाहून उसासे टाकून राहिली. आत्यानं सांगतलं वाटते.

"वेल्डरच कायले वो? दुसरं काही नाही दिसलं तुले?"

"मले वेल्डरच पाह्यजे."

"आन पेत असन त?"

"थोडा त पेनारच. सारेच पेतेत. कमी पेनारा पाहू."

आईनं कपाळावर हात मारला. करंजी कढईत जळून गेली. लाइटबिलाचं इतकं टेंशन!

२५ ऑगस्ट

बाबा जाळं शिवत बसले होते. तलावावरून आले की तेच काम. मधातच इचारलं, "घरीच ठेवाचा म्हनते तू?"

"हाव. पडवीत."

"पडवीत!" बाबा हासले का खोकलले, समजलं नाही. "आतमंधी घे ना पोरी. पावसात भिजन बिचारा."

बाबा समजदार आहेत. मशीनले पानी लागलं त शॉक बसते.

२८ ऑगस्ट

आत्याचा फोन. "भेटला! रईवारी घेऊन येते."

"कसा आहे?"

"मजबूत आहे. रंगानं सावळा."

"रंगाचं काय करू? लवकर गरम त नाही ना होत?"

आत्या हासूच लागली. "नाही वो माय, थंडा आहे एकदम. दिवसभर काम करते, आवाज नाही करत."

असाच पाह्यजे होता मले.

३१ ऑगस्ट, रविवार

लिहू का नको लिहू. लिहूनच टाकते. हे पान कोन वाचते?

सकाळीच वहिनीनं धरून साडी नेसवली. म्हनलं, साडी कायले? म्हने, "पहिल्यांदा येऊन राहिला ना तो घरी." मले पटलं. नवा ट्रॅक्टर आला की बाया साडी नेसूनच ओवाळतेत. मी आरतीचं ताट बी काढून ठेवलं! आईनं ताट पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं आन पाटावर बसूनच गेली.

आत्या आली. संग परसराम नावाचे एक जाड मामा आन त्याइचा भाचा खुशाल. हा खुशाल भंडाऱ्याले फॅब्रिकेशनच्या दुकानात काम करते. हातात मशीन काही दिसली नाही. पेढ्याचा पुडा होता. म्हनलं, मशीन गाडीवर असन, हा लावून द्याले आला असन.

मले समोर बसवलं. मामा म्हने, "सैंपाक येते ना पोरी?"

मिस्त्रीले जेवू घालाचंच असते. म्हनलं, "हाव. मच्छी करू का?"

मामा लय खुश!

आत्या म्हने, "तुले काही इचाराचं असन त इचार. लाजू नको."

इतकं म्हनते त मी मान खाली घालून इचारलं —

"किती अँपिअरचा आहे?"

सारे एकमेकाच्या तोंडाकडं पाहाले लागले.

"कोन?" आत्या म्हने.

"वेल्डर."

"अवो, वेल्डर त हा बसला!"

मी वर पाह्यलं. तो माह्याकडं पाहून राहिला होता. मी म्हनलं, "मशीन... मशीन पाह्यजे होती मले." माहा आवाज मलेच आयकू आला नाही. पन वहिनीले आला. तोंडात पदर कोंबून आत पळाली. मले सारं समजलं — साडी, पेढे, आईचे उसासे, सारं! धरनी फाटली असती त मी उडीच मारली असती. डोळ्यात पानी आलं.

तेवढ्यात तोच उठला, खुशाल. म्हने, "बरोबरच आहे ना आत्याबाई. मले बी मशीनचंच सांगतलं होतं. मी त मशीन लावाची जागा पाहाले आलो." आन खिशातून टेस्टर काढला! "काकाजी, मीटर कुठं आहे?"

मामाचं तोंड उघडं ते उघडंच. पेढा ना आत जाये, ना बाहेर ये.

बरं झालं माय! तो बी माह्यासारखाच फसला. एकटीच फसली असती त मी आज तलावातच जाऊन बसली असती.

मीटर पाह्यलं, वायरी पाह्यल्या. म्हने, "संध्याकाळी मोटारपंप चालू झाले की बल्ब पिवळा होते का?"

"हाव."

"मंग कमी व्होल्टेजवर चालनारी इन्व्हर्टर मशीन घे. दोनशे अँपिअरवाली पुरते. ते डब्याएवढी नको. वर चारशे लिहितेत, आतून शंभर बी निघत नाही. आन जुनी बी नको, तुमची वायरिंग जळन."

मी इचारतच गेली. रॉड कोनता, अर्थिंग कसं, काच कोनती. मले आता लिहिताना समजून राहिलं, मी बोलत होती! अनोळखी मानसासंग! मंग त्याले सारस दाखवला.

"हा सारस आहे? मले वाटलं काकाजीची सायकल पडली."

मले राग आला. हासूही आलं.

१ सप्टेंबर

साऱ्या गावाले माहीत झालं. नळावर बाया इचारतेत, "का वो, किती अँपिअरचा भेटला?" वहिनी त घरात थांबतच नाही. "एकानं वापरलेला बी चालन म्हने! सासूबाई रात्रभर रडल्या, पोरीले बिजवर चालते म्हनून!"

आईले मात्र हासू येत नाही. म्हने, "झाली तेवढी हशी पुरे. मशीनचं नावच काढू नको. उद्या चाल, कानातले घेऊ."

झालं. संपली मशीन.

३ सप्टेंबर

कानातले घ्याले गेली नाही. पोट दुखते म्हनून सांगतलं. तार घेऊन परत मान बांधली. हात सोडला, पडली.

जेवताना बोलली. कसं बोलली माहीत नाही. ताटाकडं पाहूनच बोलली.

"आई, लोकं त हासूनच राहिले. मशीन नाही घेतली त त्याइचं हासनं फुकट गेलं ना. घेऊ दे. माहेच पैसे आहेत. मले शाळा जमली नाही, दुकान जमत नाही, चार मानसात बोलता येत नाही. हे एक जमते. मान पडते, पन जमते."

मंग बाबा आईले म्हने, "मंदा, पोट्टी जल्मात पहिल्यांदा इतकं बोलली. आता नाही म्हनलं त परत दहा वर्सं तोंड उघडनार नाही."

आईनं माह्या ताटात भात वाढला. मी मांगतला नव्हता. मंग म्हने, "डोळ्याचं काय ते पहिले घ्याचं. मशीन मंग."

७ सप्टेंबर, रविवार

आली!

बाबा, मी आन आत्या. दुकानात खुशाल आधीच येऊन उभा. आत्यानंच बोलावलं होतं. म्हने, आता खऱ्या कामाले बोलावलं बाप्पा.

दुकानदारानं डब्याएवढीच पहिले काढली. "लेडीजले हेच बरी, हलकी." खुशाल बोलाले गेला आन थांबला. माह्याकडं पाह्यलं. मले तोंड उघडावंच लागलं.

"हलकी नको. कमी व्होल्टेजवर चालते का ते सांगा. रॉड लावून चालवून दाखवा. आन बिघडली त इथंच दुरुस्त होते का?"

दुकानदारानं डबा मुकाट्यानं परत ठेवला. दुसरी काढली. तीन चालवून पाह्यल्या. एकीचा होल्डरच ढिला, एकीची दुरुस्ती नागपूरले. तिसरी घेतली. ना सगळ्यात स्वस्त, ना महाग. उरल्या पैशात तोंडाचा मास्क, हातमोजे, रॉडचा पुडा. कानातल्याले आता पुढच्या रोवन्यात पाहू.

खुशाल म्हने, "महिनाभर भंगारावरच हात बसव. सायकलीले हात लावू नको."

"सारस आहे तो!"

म्हनली मी! रस्त्यावर, जोरानं! बाबा वळून पाहाले लागले.

९ सप्टेंबर

रॉड चिकटला. सोडवला. चिकटला. सोडवला. चिकटला.

१० सप्टेंबर

आज चिकटला नाही. पट्टीले भोक पडलं. वहिनी म्हने, "अजून चार पाड, चाळनी होईन."

११ सप्टेंबर

खुशालले फोन केला. मशीनचंच इचाराले. म्हने, "अँपिअर कमी कर. आन घाबरू नको. घाबरून हात मागं घेतला की विझते, घाबरून दाबला की चिकटते. रॉडले सारं समजते."

"मंग कसं करू?"

"गुनगुनत मार. गानं म्हननाऱ्याचा हात नाही थरथरत."

मास्कच्या आत गुनगुनली. बाहेर कोनाले दिसत नाही, आयकू येत नाही. मले त हे मास्क आधीच पाह्यजे होतं — शाळेतच!

१६ सप्टेंबर

उभी राहिली!

महिना काही थांबली नाही. मानेवर टाके बसले. खडबडीत आहेत, मुंगळ्याइची रांग लागल्यासारखे, पन पक्के. हात सोडला. उभी. ढकलली. उभी. कोंबडी येऊन बसली. तरी उभी!

दुपारी आई बाजारातून दोन बायाइले घेऊन आली. पडवीतूनच दाखवलं. "हे पाहा. माह्या पोट्टीनं केला. बाहेर करून आनाचं म्हनलं त किती घेतेत माहीत आहे?" तिले बी माहीत नाही किती घेतेत. मी आत लपून आयकत होती.

खुशालले फोटो पाठवला. त्याचा मेसेज आला, "आता सायकल वाटत नाही." एवढंच. पाच-सहा वेळा वाचला. कायले वाचला माहीत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

खुशालचा फोन. पहिले मशीन इचारली. रॉड इचारले. मंग उगाच पाऊस इचारला. मंग म्हने, "मामा उद्या मले साकोलीकडं एक पोरगी दाखवाले नेऊन राहिला. म्हनून आज सांगतो. त्या दिवशी तुमच्याकडं मी मशीनची जागा पाहाले नव्हतो आलो. मले सारं माहीत होतं."

मी काही बोलली नाही. तो बी नाही.

फोन मात्र कोनीच ठेवला नाही.