नव्याचा बाप्तिस्मा

विजयनगर, मैसूरु
१४ जानेवारी २०२४

ती. पुष्पावती अक्का हिस शिवप्रसादचा सप्रेम सलाम, वि. वि.

नव्या तुझ्याकडे सुखरूप पोचल्याचा वेंकटेशभावोजींचा निरोप आला आणि जीव भांड्यात पडला. सरगूरच्या शाळेत नोकरी लागली म्हणून आले, असं तिने तुला सांगितलं असेल. ते अर्धंच खरं आहे. माझी लेक माझ्यावर रुसून गेली आहे, आणि तेही एका झाडावरून.

आमच्या चर्चच्या आवारातला विहिरीकाठचा पिंपळ तू पाहिला आहेस. सलोमीच्या अंत्यविधीला आलीस तेव्हा त्याच्याच सावलीत बसली होतीस. गेल्या वर्षी गल्लीतल्या बायका कुंपणातून हात घालून त्याला दोरे गुंडाळू लागल्या. एका रविवारी बुंध्याला कुंकूही दिसलं. मी मंडळीचा सेक्रेटरी. गप्प कसा बसणार? कमिटीपुढे ठराव मांडला, नाताळाआधी झाड तोडून घेतलं आणि आवारभर सिमेंटच्या लाद्या बसवल्या. आता गाड्या नीट लागतात, चपलांना चिखल नाही, सगळं कसं स्वच्छ दिसतं.

नव्याचं म्हणणं, देवाने माणसाला बागेत ठेवलं ते राखण करायला, लाद्या घालायला नव्हे. मी तिला समजावलं की हे आकाश आणि ही पृथ्वी एक दिवस जाणारच आहेत, प्रभू सगळं नवं करणार आहे. आपण आत्म्यांची काळजी करावी, झाडांची तो करील. त्यावर तिने विचारलं की मग घराला दरवर्षी रंग कशाला देता. अक्का, ही जीभ तिला तुझ्याकडून आली आहे.

तुला ठाऊक नसेल, आमच्या मंडळीत तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत. मूल मोठं झालं की आपणहून मागतं. विहिरीच्या पाण्याने हौद भरतात, पाळकसाहेब त्यात बुडवून वर काढतात आणि बाप पायरीवर कोरडं वस्त्र घेऊन उभा असतो. नव्याने अजून मागितलेला नाही. तिची आई, सलोमी, वाट बघता बघता गेली. येत्या ईस्टरला त्या पायरीवर मला उभं राहता यावं, याहून दुसरं काही मागणं उरलेलं नाही. तू तिला समजाव.

भावोजींना सलाम. माझ्यावर माया आहे तशी राहू दे.

तुझा धाकटा,
शिवप्रसाद


सरगूर
४ फेब्रुवारी २०२४

चि. शिवप्रसाद यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. फोनवर आपण दोघंही आवाज चढवतो, तेव्हा हे पत्रांचंच बरं. लग्नानंतर ख्रिस्ती होऊन तू ‘शि. सा. न.’ सोडून सलाम लिहायला लागलास तेव्हा मी किती रडले होते! आता तो सलाम दिसला नाही तर मलाच चुकल्यासारखं होतं.

नव्या मजेत आहे. शाळेत विज्ञान शिकवते, रविवारी इथल्या नर्सबाईंच्या घरी तुमची मूठभर माणसं जमतात तिथे जाते, आणि संध्याकाळी मला बायबल वाचून दाखवते. कन्नडमध्ये वाचते आणि मराठीत समजावते. तिचं मराठी म्हणजे निम्म्याहून जास्त कन्नडच. तुझे भावोजी दुकान बंद करून आले की तेही ऐकत बसतात. तेव्हा ती देवाधर्मापासून दूर चालली आहे ही काळजी तू सोड.

एक विचारते, रागावू नकोस. झाड तोडा असं म्हणालं कोण? तुमच्यातले जन्मापासूनचे ख्रिस्ती, की तूच? मला वाटतं तू त्या पिंपळाला घाबरलास. आई पिंपळाला प्रदक्षिणा घालायची आणि तू तिचा पदर धरून मागे मागे फिरायचास. कुणी म्हणेल की याच्या मनातून ते अजून गेलं नाही, हीच ना तुझी भीती? अरे, सावलीत बसणं म्हणजे काही पूजा नव्हे. दोरे बांधणाऱ्या बायकांना दोन शब्द सांगितले असतेस तर त्यांनी ऐकलं असतं. आणि रंगाऱ्यांच्या घरात जन्मून, जिथे कापड हाती घेण्याआधी पाणी बघायचे, तू विहिरीच्या उशाशी सिमेंट ओतलंस याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रकृतीला जप. रागाने का होईना, उत्तर धाड.

अक्का


विजयनगर, मैसूरु
९ एप्रिल २०२४

ती. अक्कास सलाम, वि. वि.

मी कुणाला घाबरलो नाही. एवढं लिहून तो विषय संपवतो.

ईस्टर झाला. नव्या आली नाही. दारात रिक्षा थांबली की मी उठून बघत होतो.

विहीर ईस्टरच्या आधीच आटली. गेल्या साली पावसाने दगा दिला, यंदाचा उन्हाळा तर बघतेसच. सगळीकडेच पाण्याची बोंब आहे, त्यात आमच्या लाद्यांचा काय दोष, असं मी कमिटीत म्हणालो. पण दोन गल्ल्या पलीकडे मातीचं आवार असलेल्या घराची विहीर अजून चालू आहे. शेवटी कडकोळच्या बाजूने टँकर मागवला. दोन तरुणांचा बाप्तिस्मा त्या पाण्यात झाला. पाण्याला वास येत होता. सगळ्यांनी हौदात डोकावून पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

आपल्याप्रमाणेच इथेही चपला बाहेर काढतात. उपासना सुटल्यावर म्हाताऱ्या बायकांचे पाय लाद्यांवर पोळले. पूर्वी त्या पिंपळाखाली गप्पा मारत बसायच्या, आता तडक घरी जातात. रविवारची मुलांची शाळा सलोमी तिथेच घ्यायची; ती आता पत्र्याच्या खोलीत भरते.

नव्याला हे कळवू नकोस. किंवा कळव. मला काही सुचत नाही.

शिवप्रसाद


सरगूर
२० सप्टेंबर २०२४

प्रिय अप्पा, प्रभूच्या नावात सलाम.

माझं मराठी सुमार आहे, आत्या चुका काढते आहे. तरी हे मला तुमच्याच भाषेत लिहायचं होतं.

मला बाप्तिस्मा पाहिजे. ६ ऑक्टोबर, रविवार, सकाळी, इथल्या केरेमध्ये, म्हणजे गावाबाहेरच्या तळ्यात. उन्हाळ्यात ते सुकलं होतं. आमची मंडळी पावसासाठी प्रार्थना करत होती. मग नर्सबाई म्हणाल्या की पाऊस आला तर राहील कुठे, तळं गाळाने भरलं आहे. म्हणून आम्ही प्रार्थना करून रोज गाळ काढायला गेलो. गावातले बाकी लोकही आले, देवळातले, मशिदीतले, सगळे. आता पाणी आहे. माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप शेती करतात. रागी पेरायची तेव्हा पाऊस नाही, कापायची तेव्हा पाऊस. जग संपणारच आहे असं मी त्यांना कसं सांगू, अप्पा?

तुमच्याशी मी उद्धट बोलले, त्याबद्दल माफ करा. पण पिंपळाबद्दल जे बोलले ते मागे घेत नाही. अम्मा असती तर तीही हेच म्हणाली असती, फक्त हळू आवाजात.

तुम्ही या. काठावर वस्त्र घेऊन तुम्ही उभे राहायला पाहिजे.

तुमची,
नव्या


विजयनगर, मैसूरु
२८ सप्टेंबर २०२४

प्रिय नव्या हिस आशीर्वाद.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. आनंद झाला, आणि दुःखही झालं. सेक्रेटरीच्या मुलीने आपली मंडळी सोडून तळ्यात बाप्तिस्मा घेतला तर लोक मला काय विचारतील, याचा तू विचार केलेला दिसत नाही. ईस्टरपर्यंत थांब. मी हौद धुऊन घेतो, चांगलं पाणी आणवतो, सगळं नीट करतो.

शिवाय त्या सुमारास इथे दसऱ्याची गर्दी असते, बस मिळणं कठीण. मला जमणार नाही.

तुझा,
अप्पा


सरगूर
८ ऑक्टोबर २०२४

चि. शिवप्रसाद यास आशीर्वाद.

दसऱ्याची गर्दी मैसूरुकडे येणारी असते रे. सरगूरकडे येणारी बस रिकामी होती. मी स्टँडवर जाऊन पाहत होते, म्हणून सांगते.

नव्या थांबली नाही. तिचंही बरोबर आहे. हौद आणि पाणी तिने मागितलंच नव्हतं, तुला मागितलं होतं. काठावर इथल्या पाळकांनी विचारलं की मुलीच्या घरचं कोण आहे. सगळे इकडेतिकडे बघू लागले. मग मीच पुढे झाले आणि सांगितलं की घरातलं मोठं माणूस मी. कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. पाळकांनी एकदा माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि वस्त्र माझ्या हातात दिलं. माझ्या देवाला काय वाटलं ते मी त्याच्याशी बोलून घेईन.

पाण्यातून वर आली तेव्हा पोर थरथर कापत होती. मी तिला गुंडाळून जवळ घेतलं. तीही बिलगली, पण माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत राहिली. हे लिहिणार नव्हते. पण तुला कळायला हवं.

तुझ्यावर रागावले आहे. तरी जेवणखाण वेळेवर करत जा.

अक्का


विजयनगर, मैसूरु
३ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास सलाम, वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस धीर झाला नाही.

मध्यंतरी एका संध्याकाळी ढगफुटीसारखा पाऊस झाला. पाणी मुरायला जागाच नाही. आवारातून थेट चर्चमध्ये शिरलं, बाकं भिजली. आणि विहिरीत टिपूस वाढला नाही. दुसऱ्या दिवशी मी आणि पाळकसाहेब पाणी उपसत होतो. तेव्हा मी त्यांना विचारलं, की झाड तोडायच्या ठरावाला तुम्ही विरोध का केला नाहीत.

ते म्हणाले, की झाड कुणालाच नको नव्हतं. दोऱ्यांचंही कुणाला काही वाटत नव्हतं. पण मी पिंपळ पुजणाऱ्या घरातून आलेला. त्या झाडाने माझ्या मनाला काही टोचत असेल, मला दुखवायला नको, म्हणून सगळ्यांनी हात वर केले. मी त्यांच्या भीतीने ठराव मांडला आणि त्यांनी माझ्या काळजीने तो मंजूर केला. अक्का, तू विचारलंस तेच खरं होतं.

गेल्या रविवारी लाद्या उखडायचा ठराव मी मांडला. पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, की प्रभू सगळं नवं करणार म्हणजे असलेलं आपण मोडावं असा त्याचा अर्थ नाही. विहिरीच्या बाजूने कामाला सुरुवातही झाली आहे. करंजाची रोपं आणली आहेत. सावली पडायला वर्षं लागतील, पण पडेल.

नंतर सगळे गेल्यावर मी पाळकसाहेबांपाशी थांबलो. विहिरीला पाणी आलं, की एखाद्या ईस्टरला नव्याला इथे पुन्हा बाप्तिस्मा देता येईल का, असं त्यांना विचारलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. तो एकदाच होतो, पुन्हा होत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही, अक्का. इतकी वर्षं सेक्रेटरी म्हणून येईल त्याला मीच ते सांगत आलो आहे. तरी विचारलं.

तिला माझा सलाम सांग. मला दुरावू नका.

शिवप्रसाद